खाटा मोजण्याआधी आमच्या विहिरी मोजा

प्रति,
राज्याच्या पर्यटन धोरणाची आखणी करणारे अधिकारी, सिंधुदुर्ग जिल्हा प्रशासन आणि या जिल्ह्याचे सर्व लोकप्रतिनिधी यांस,

विषय : देवबाग-तारकर्ली पट्ट्यातील गोड्या पाण्याची मर्यादा निश्चित होईपर्यंत पर्यटकांच्या निवासासाठी नव्या बांधकामांना परवानगी न देण्याबाबत.

महोदय, महोदया,

मी देवबागची सून. लग्न होऊन १९९१ साली या गावात आले, प्राथमिक शाळेत शिकवले आणि आता निवृत्त झाले आहे. आमच्या घराचा रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या सामायिक जाळ्यात, पिढीजात वाटा आहे, धाकटे दीर पर्यटकांना घेऊन समुद्रात होडी घालतात आणि आमच्या माडीवरच्या दोन खोल्या दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत पाहुण्यांना दिलेल्या असतात. मुलीच्या शिक्षणाचा बराचसा खर्च त्या दोन खोल्यांनी उचलला. तेव्हा हे पत्र पर्यटन नको म्हणणाऱ्या बाईचे आहे असे कृपया समजू नये. ज्या व्यवसायावर आमची चूल पेटते तोच व्यवसाय आमच्या चुलीवरचे पाणी संपवीत आहे, आणि ही गोष्ट धोरण ठरविणाऱ्यांच्या कोणत्याही कागदावर मोजली जात नाही, म्हणून लिहीत आहे.

ज्यांनी देवबाग पाहिले नाही त्यांच्यासाठी गावाची जागा सांगते. मालवणहून दक्षिणेकडे येणारा एकच रस्ता तारकर्ली ओलांडून आमच्या गावात शिरतो आणि कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे संपतो. पलीकडे भोगवे. आमच्या पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी आणि मधे वाळूची एक चिंचोळी पट्टी. या पट्टीवर माड, घरे, देऊळ, शाळा, आणि आता निवासस्थाने. दोन्ही बाजूंना पाणी दिसते म्हणून लोक हौसेने येतात, पण ते दोन्हीकडचे पाणी खारे आहे. गोडे पाणी आहे ते फक्त आमच्या पायाखालच्या वाळूत, पावसाने साठवून दिलेले.

आमच्या परसातली विहीर सासऱ्यांच्या वडिलांनी चिऱ्यांनी बांधून घेतली. मी लग्न होऊन आले तेव्हा मे महिन्यातसुद्धा तिचे पाणी नितळ आणि चवीला गोड असे. वाडीतल्या चार घरांच्या कळश्या तिच्यावर भरत. चवीतला बदल पहिल्यांदा सासूबाईंच्या लक्षात आला. एका एप्रिलमध्ये त्यांनी कुकरचे झाकण उघडले, डाळीत डाव फिरवला आणि म्हणाल्या, "ह्या पाण्यात डाळ शिजाची नाय गो." मला त्या वेळी ती वयाची कुरकूर वाटली. पुढल्या वर्षी चहात दूध फाटू लागले. त्याच्या पुढल्या वर्षी कळशीच्या गळ्याशी पांढरे कडे धरू लागले आणि चिंचेने कितीही घासले तरी ते आठ दिवसांत परत येऊ लागले. आता मार्च संपला की पाणी मचूळ होते, मे महिन्यात ते तोंडात धरवत नाही, आणि मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस पडून गेल्याशिवाय विहिरीला तिची चव परत येत नाही. अलीकडे पाऊस होऊन गेल्यावरही ती पूर्वीइतकी परत येत नाही, हे मी खात्रीने सांगते, कारण पस्तीस वर्षे मी तेच पाणी पीत आले आहे.

हे असे का होते, याचे उत्तर शाळेतल्या विज्ञानात बसणारे आहे. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा किंचित जड असते. त्यामुळे किनाऱ्याच्या वाळूत पावसाचे गोडे पाणी खाली मुरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, भिंगासारखे मध्यभागी जाड आणि कडांना पातळ. या तरंगण्याचे गणित भूजलाच्या अभ्यासकांना शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे : समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची उंची जितकी, त्याच्या साधारण चाळीस पट खोलीपर्यंत गोड्या पाण्याचा थर खाली टिकतो. म्हणजेच वरची पातळी उपशामुळे एक वीत जरी कायमची खाली गेली, तर खालून खारे पाणी हळूहळू चाळीस विती वर सरकते. रहाटाने ओढलेली कळशी वरवरचे पाणी घेते आणि विहिरीला दम घ्यायला वेळ देते. विजेचा पंप तासन् तास एकाच जागेवरून खेचत राहतो, तेव्हा नेमके त्याच्या खाली खारे पाणी शंकूसारखे वर येते. आणि विंधण विहीर तर पुष्कळदा त्या खाऱ्यातच जाऊन टेकलेली असते. तिच्या मालकाला ते पाणी अंघोळीला, कपड्यांना, हिरवळीला चालते. शेजारच्या घरातल्या डाळीला ते चालत नाही.

आता हिशेब पाहा. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी रोज ५५ लिटर पाणी धरले जाते. हॉटेलातल्या एका खाटेसाठी भारतीय मानक १८० लिटर धरते. म्हणजे सरकारी मापानेच एक पाहुणा तीन गावकऱ्यांहून अधिक पाणी वापरतो. ते पाणी पाहुणा चैन म्हणून सांडतो असे नाही. समुद्रात डुंबून आलेल्या माणसाला मीठ आणि वाळू धुवायला दोनदा अंघोळ लागते, चादरी-पंचे रोज धुवावे लागतात, माझ्या दोन खोल्यांतही ते लागते. पण पर्यटकांची गर्दी नेमकी कोणत्या महिन्यांत होते? विहीर भरलेली असते त्या ऑगस्टमध्ये पर्यटकांसाठी समुद्र बंद असतो. गर्दी होते ती नाताळात, म्हणजे पाऊस थांबून गेलेला असतो तेव्हा, आणि एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे भिंगाची जाडी सर्वांत कमी असते तेव्हा. जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात टंचाई कशी, असा प्रश्न एकदा एका बैठकीत आम्हालाच विचारला गेला होता. वाळूत पाणी धरून ठेवायला धरण नसते, जो थर आहे तोच साठा, हे त्याचे उत्तर.

उपसा ही अर्धी गोष्ट झाली. वापरलेले पाणी जाते कुठे? या पट्टीवर गटाराची योजना नाही. प्रत्येक इमारतीची मैलाटाकी आणि तिच्या पुढचा शोषखड्डा, एवढीच व्यवस्था. घर चार माणसांचे होते तेव्हा वाळू तेवढे गाळून घेत असे. आता त्याच मापाच्या जागेत दहा खोल्या उभ्या राहतात आणि शोषखड्डा शेजाऱ्याच्या विहिरीच्या दिशेने सरकतो, कारण समुद्राकडची बाजू पाहुण्यांना बसण्यासाठी मोकळी ठेवायची असते. वाळूतून पाणी झपाट्याने वाहते, आणि त्याबरोबर त्यातली घाणही. आमच्या वाडीत एका घरातील लहान मुले सलग दोन उन्हाळे पोटाच्या विकाराने आजारी पडली, तेव्हा त्या घराने विहिरीवर जाळी टाकून ती बंद केली. आज त्या घरात वीस लिटरचे जार येतात. शंभर वर्षे पाणी विकत न घेतलेले घर आहे ते.

कायदा नाही म्हणून हे चालले आहे, असे म्हणण्याची सोय नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसण्यास मनाई होती आणि स्थानिक वस्तीला तिच्या स्वतःच्या वापरापुरती सवलत होती. २०१९ च्या अधिसूचनेत किनाऱ्यावरील पर्यटन निवासांसाठीच्या अटींमध्ये तीच २०० मीटरची मनाई आहे, आणि २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात भूजल मंडळाच्या संमतीची अट आहे. देवबागमध्ये समुद्र आणि खाडी या दोन्हींच्या भरतीरेषांपासून अंतर मोजले, तर अटीबाहेरची जागा फारच थोडी उरते. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ चा आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा राज्यभर निरीक्षण विहिरींची पातळी मोजत असते. साधने सगळी तुमच्या हातात आहेत. या वाळूच्या पट्टीतून दर वर्षी किती पाणी काढता येईल आणि त्यावर किती खाटा चालतील, हा एक प्रश्न मात्र खोलीला परवानगी देताना कोणी विचारीत नाही. रस्ता विचारतात, वीज विचारतात, अग्निशमन विचारतात.

पाण्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट वाळूच्या टेकड्यांची आहे, आणि ती सांगताना मला वाईट वाटते, कारण यात आमच्याही माणसांचा हात आहे. घर आणि समुद्र यांच्या मधे पूर्वी वाळूचे उंचवटे होते, त्यांवर मर्यादावेल पसरलेली असे, मागे केवड्याचे बन आणि उंडीची झाडे. मर्यादावेल हे नाव आमच्या पूर्वजांनी विचार करून ठेवले असले पाहिजे. जांभळ्या फुलांची ती वेल जिथवर असते तिथवर समुद्राची मर्यादा. तिच्या मुळ्या वाळू धरतात, वाळूचा उंचवटा पावसाचे पाणी धरतो, आणि तेच पाणी खाली उतरून विहिरीला मिळते. खोलीतून समुद्र दिसत नाही, अशी पाहुण्यांची तक्रार आली की उंचवटा सपाट होतो. वेल उपटली जाते, कारण 'स्वच्छ' किनारा म्हणजे उघडी वाळू, असे छायाचित्रांनी सगळ्यांना शिकवले आहे. वाळूच्या टेकड्या सपाट करण्यासही त्याच अधिसूचनेने मनाई केलेली आहे. त्यानंतर पावसाळ्यात समुद्र आत येतो आणि आम्ही धूपप्रतिबंधक बंधारा मागतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळात जिथे वेल आणि केवडा शिल्लक होता तिथली वाळू जागेवर राहिली, हे मी वादळानंतर स्वतः किनाऱ्यावर फिरून पाहिले आहे. बंधाऱ्याची मागणी गावाने सोडलेली नाही आणि सोडूही नये, परंतु जे काम वेल फुकट करीत होती त्यासाठी दगड आणावा लागतो, याची नोंद कुठेतरी व्हायला हवी.

रापणीविषयी थोडे लिहिते. बाहेरच्या माणसाला रापण म्हणजे किनाऱ्यावर चाललेली जाळ्याची ओढाओढ, फोटो काढण्याजोगी. प्रत्यक्षात ती अख्ख्या वाडीची कमाई आहे. होडी अर्धवर्तुळ घेत जाळे पाण्यात सोडते, दोन्ही टोके किनाऱ्यावर येतात, आणि वाटेकरी बायका-पुरुष ती तासभर ओढत आणतात. यासाठी दोन गोष्टी लागतात : शांत पाणी आणि मोकळा किनारा. तारली-पेडव्यांचा थवा किनाऱ्याजवळ आला आहे हे पाण्याच्या रंगावरून ओळखणारी माणसे अजून आमच्याकडे आहेत. पण तो थवा शनिवार-रविवार पाहून येत नाही. गेल्या डिसेंबरमध्ये असाच थवा आला असता होडी लोटेपर्यंत दोन वेगवान जलक्रीडा नौका त्यावरून गेल्या, पाणी फुटले आणि मासळी खोल गेली. जाळे ओढले तेव्हा त्यात वाटे घालण्याइतकेही काही नव्हते. नौका चालविणारी मुले आमच्याच गावातली, त्यातला एक माझा विद्यार्थी. त्याचे गिऱ्हाईक थांबले होते आणि त्याचे कर्जाचे हप्ते चालू आहेत. त्याच्याशी भांडून काय उपयोग? किनाऱ्याचा कोणता भाग कोणत्या वेळी कोणाचा, हे ठरवून देणे त्या मुलाचे काम नाही, ते शासनाचे काम आहे. मालवणच्या समुद्राचा २९.१२ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य झाला. त्या वेळी मच्छीमारांच्या जाळ्यांवर पुष्कळ चर्चा झाली. तिथल्या प्रवाळावर रोज टेकणाऱ्या पर्यटकांच्या पायांविषयी आणि त्यांच्या नौकांच्या नांगरांविषयी तेवढी चर्चा मी ऐकलेली नाही.

दैनंदिन जाचाच्या बाकीच्या गोष्टी अनेकांनी लिहिल्या आहेत, म्हणून त्या थोडक्यात उरकते. चांगली इसवण, मोठी कोळंबी, कुर्ल्या हंगामात थेट थाळीकडे जातात आणि मासे पकडणाऱ्या घरात बर्फातला बांगडा शिजतो. गावात बदलून आलेल्या शिक्षकाला किंवा परिचारिकेला महिन्याच्या भाड्याने खोली मिळत नाही, कारण तीच खोली चार रात्रींत तेवढे पैसे देते. मग रात्रीच्या वेळी गावात परिचारिका नसते. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या आठवड्यात शेजारच्या काकींच्या छातीत दुखू लागले, आणि मालवणपर्यंतचा एरवी वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता रुग्णवाहिकेला दीड तास लागला. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मधे समोरासमोर आलेल्या दोन बस, आणि गावातली मुले रुग्णवाहिकेच्या पुढे धावत एकेक गाडी बाजूला करायला सांगत होती. काकी वाचल्या. मुले पुढे धावली म्हणून वाचल्या. समुद्रात पर्यटक बुडू लागला तर पहिली उडी घेणारी हीच मुले असतात. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची नौका उलटून दोघांचा जीव गेला, तो दिवस आमच्या घराघरांत अजून बोलला जातो.

हे सगळे सोसावे, कारण त्यातून गाव सावरते आहे, असे आम्हाला नेहमी सांगितले जाते. १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा १९९७ मध्ये देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्या घोषणेच्या वेळी मी वर्गात मुलांना अभिमानाने ती बातमी वाचून दाखवली होती. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना पर्यटन जिल्ह्याची घटली. माझ्या पहिल्या तुकडीतली निम्म्याहून अधिक मुले मुंबईला किंवा गोव्याला आहेत. जी राहिली आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या जमिनी सामायिक सातबाऱ्यावरच्या सहहिस्सेदारांनी मुंबईत बसून विकल्या, आणि आज ती मुले त्याच जमिनीवरच्या इमारतीत खोल्या झाडतात. पर्यटनाने रोजगार दिला हे खरे आहे. कोणता दिला, तेही पाहिले पाहिजे. चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्ग किल्ला मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला. आम्हाला त्याचा आनंद आहे, पण या प्रत्येक घोषणेबरोबर आमच्या वाळूच्या पट्टीवर आणखी पाया खोदला जातो.

मर्यादा घालणे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. याच महाराष्ट्रात साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात रोज तीन हजार माणसांचीच नोंदणी होते. फुले तुडवली जाऊ नयेत म्हणून ते केले गेले, आणि लोकांनी ते मान्य केले. माथेरानमध्ये मोटारी गावात जात नाहीत, तरी माथेरान ओस पडलेले नाही. फिलिपीन्समधील बोराकाय हे बेट २०१८ मध्ये सहा महिने पर्यटकांना बंद ठेवावे लागले, कारण निवासस्थानांचे सांडपाणी थेट समुद्रात जात होते. बेट बंद करण्याची पाळी येईपर्यंत थांबायचे, की फुलांइतकी काळजी विहिरींची आधीच घ्यायची, हा निर्णय आज तुमच्यापुढे आहे.

आमचे मागणे मोठे नाही. येत्या ऑक्टोबरपासून पुढच्या मे महिन्यापर्यंत देवबाग आणि तारकर्लीतल्या विहिरींची पातळी, खारटपणा आणि जिवाणू यांची दर महिन्याला तपासणी व्हावी आणि तिचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. गावात पर्यटकांसाठी एकूण खाटा किती आणि विंधण विहिरी किती, याची घरोघर जाऊन नोंद व्हावी. त्यात माझ्या दोन खोल्याही याव्यात. या दोन आकड्यांवरून खाटांची कमाल मर्यादा ठरावी, आणि ती ठरेपर्यंत नवी परवानगी थांबावी. आहे त्या मोठ्या निवासांनी सांडपाणी शुद्ध करून तेच बागेला आणि शौचालयाला वापरण्याची सक्ती व्हावी, आणि छोट्या घरगुती निवासांसाठी वाडीवार सामायिक शुद्धीकरण शासनाने बांधून द्यावे, कारण ते कोणा एकट्याच्या आवाक्यातले नाही. खोलीच्या भाड्यावर जो कर राज्याकडे जातो त्यातला ठरावीक हिस्सा, याच कामासाठी बांधलेला, गावाकडे परत यावा. रापणीसाठी किनाऱ्याचा भाग राखून त्यावर फलक लावावा. गाड्यांचा तळ गावाच्या अलीकडे करून आत येण्यासाठी लहान वाहने ठेवावीत, त्यात आमच्या मुलांनाही काम मिळेल. मर्यादा आली तर माझे उत्पन्न कमी होईल हे मला कळते. वाडीतल्या बायकांच्या बैठकीत आम्ही त्यावर बोललो आहोत, आणि खोली वर्षातले काही दिवस रिकामी ठेवायला आमची तयारी आहे.

आपल्यापैकी पुष्कळ जण पाहणीसाठी येतात, परंतु ते नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतात आणि त्यांना बाटलीतले पाणी दिले जाते. माझी विनंती आहे की मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात या. आमच्या परसातली विहीर उघडी आहे, दोर आणि कळशी काठावर असते. मी त्या पाण्यात डाळ शिजत घालीन. ती शिजायला लागेल तेवढा वेळ आपण बसावे, आणि खारटपणा मोजण्याचे यंत्र सोबत आणावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
देवबाग, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग